शेवटच्या पंगतीतला माणूस

अक्का, तू गेल्याला आज बावीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. आंघोळ करताना भांडतो, जेवताना भांडतो, सकाळी मेहरूणच्या तलावाला फेरी मारताना तर फारच भांडतो. काल इतक्या मोठ्यानं बोललो की पुढे चाललेले दोन गृहस्थ वळून बघायला लागले. मग मी मोबाईल कानाला लावल्याचं सोंग केलं. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

लोक म्हणतात, बहिणीवर चार शब्द लिहा. जन्म कुठला, लग्न कधी झालं, दाजी गेल्यावर शिरपुरात एकटीनं फोटो स्टुडिओ कसा चालवला. ते सगळं मला लिहिता येत नाही. लिहिलं असतं तर तूच म्हणाली असतीस, "बापू, हाई काय निवडणुकीनं पत्रक शे का?" मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझं बूड एका जागी टिकायचं नाही. मी परवा रायसिंगच्या पाड्यावर जाऊन आलो. म्हातारीला भेटलो. हो, गेलो होतो एकदाचा. पण त्याआधी मला तुझ्यावर नीट चिडू दे.

चिडायचं कारण म्हणजे तुझं ते गप्प बसणं. माणसानं भांडावं तर भांडून मोकळं व्हावं. तू मात्र दोन वाक्यं बोलायचीस आणि विषय माझ्या अंगावर सोडून स्वयंपाकघरात निघून जायचीस. पन्नाशी ओलांडली तरी मी तुझ्यासमोर शाळेतलाच राहिलो. जळगावला कॉलेजात अख्खी कॉम्प्युटर लॅब माझ्या हाताखाली, पोरं मला सर सर करतात, आणि तुझ्या स्टुडिओच्या पायरीवर पाय ठेवला की मी बापू. त्या बापूपणाचा मला राग यायचा, अक्का. आज सांगतो.

म्हणून तर ते सगळं सुरू झालं. तुझ्या लोखंडी कपाटात तीस वर्षांच्या निगेटिव्ह होत्या, बिस्किटांच्या खोक्यांत कोंबलेल्या. खोक्यावर साल नाही, तारीख नाही. 'थाळनेर, धाकटीचं लग्न', 'मालकाच्या विहिरीजवळचा मांडव' असली तुझी यादी. मी म्हटलं, उद्या वाळवी लागली तर काय करशील? दर शनिवारी चोपड्यामार्गे शिरपूरची एसटी धरायचो, खोकं उचलायचो, लॅबमध्ये नेऊन स्कॅन करायचो. दोन वर्षं खपलो. सगळं संपल्यावर कॉम्प्युटरवर फोटोंचा असा डोंगर उभा राहिला की त्यातून एक फोटो काढायचा म्हटला तरी दिवस जावा.

मग मी ते सॉफ्टवेअर आणलं. तुला समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते, आठवतं? मी म्हटलं, फोटोत काय चाललंय ते याला कळत नाही, पण कुठला फोटो कुठल्या फोटोसारखा दिसतो ते कळतं. सारखे दिसणारे सगळे फोटो ते एका ढिगात घालतं. एखादा चेहरा दाखवलास तर तसे चेहरे हुडकून ओळीनं मांडतं, सगळ्यात मिळताजुळता पहिला. तू चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होतीस. ऐकून झाल्यावर म्हणालीस, "दखाड," आणि मी दाखवायला बसलो.

पहिल्याच दिवशी त्यानं माझी इज्जत घालवली. एक भला मोठा ढीग लावला, त्यात प्राथमिक शाळेचे गुरुजी, एक सरपंच, कापसाच्या जिनिंगमधला हमाल, दोन पक्के वैरी आणि आपले दाजी. मला कळेना, यांच्यात सारखं काय? तुला एका क्षणात कळलं. सगळ्यांच्या अंगात तुझ्या स्टुडिओतला तो तपकिरी कोट! पासपोर्ट फोटोसाठी खुंटीला कायमचा टांगलेला, जो येईल त्यानं चढवायचा. तू पोट धरून स्टुलावर बसलीस. "एकाच कोटमा अख्खा तालुका," म्हणालीस. नंतर त्यानं मुंडावळ्या बांधलेल्या सगळ्या नवऱ्या एका ढिगात घातल्या, तेव्हा तुला विचारावंसं वाटलं की नवरदेवांनी आता आपापली कशी ओळखायची.

हसून झाल्यावर भांडण आलंच. मी म्हटलं, तू प्रत्येक ग्रुपचे तीन-तीन फोटो काढतेस, यातला चांगला एक ठेवू, बाकीचे दोन उडवू. तू माउसवरून माझा हात उचललास, अगदी ताटातला घास काढून घ्यावा तसा. "बठ्ठा सारखाच शेतस तं मी कसाले काढात?" मग बोट लावून दाखवायला लागलीस. पहिल्यात सासू सुनेकडे बघतेय, दुसऱ्यात दागिन्यांकडे बघतेय. मी म्हटलं, असेल, पण हे कोण बघणार आहे? तू म्हणालीस, सून बघेल.

आणि ती शेवटची पंगत. तिच्यावरून आपण किती वर्षं वाद घातला! लग्नात छत्तीस फोटोंच्या रोलमधले शेवटचे तीन-चार तू राखून ठेवायचीस. पाहुणे जेवून उठले, वरपक्षाचा मानपान झाला, की सगळ्यात शेवटी शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणारे सालदार, बँडवाले, मांडववाले, पाणी वाहणाऱ्या बायका बसायच्या. बट्टी गार झालेली, वरण तळाला गेलेलं. तू तिथं जाऊन ते उरलेले फोटो काढायचीस. अल्बममध्ये ते कधी लागले नाहीत. कोणी मागितले नाहीत. मी म्हणायचो, फुकट रोल घालवतेस. तू म्हणायचीस, "आज नही मांगत. माणूस मरस, तव्हय मांगाले येतस."

आणि यायचे, हे मला मान्य करावंच लागेल. सातपुड्याच्या पायथ्याकडची माणसं, ज्यांच्या घरात बापाचा एकही फोटो नाही, ती तुझ्याकडे यायची. तू त्यांना चुकूनही विचारायची नाहीस की तो दिसायला कसा होता. तू म्हणायचीस, चेहरा सांगता येत नाही कोणाला, उगीच माणूस लाजतो. तू विचारायचीस की तो कोणाच्या लग्नाला गेला होता, पंगतीत कोणाशेजारी बसायचा, खांद्यावर काय टाकायचा. तेवढं वहीत लिहायचीस आणि दिव्याच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवून भिंग लावून बसायचीस. मला ते बघून वैताग यायचा. कॉम्प्युटरसमोर बसून जे काम चहा पिईपर्यंत होईल, त्याला तू पंधरा-पंधरा दिवस घालवायचीस.

रायसिंग असाच आला. दिवाळी होऊन गेली होती. जिनिंगमध्ये कामाला असलेला, सत्तावीस-अठ्ठावीसचा, बोलताना खाली बघणारा. त्यानं पाड्यावर पक्कं घर बांधलं होतं. भिंती झाल्या, रंग झाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की भिंतीवर लावायला बाप नाही. बाप जामसिंग शिरपूरजवळ एका मालकाकडे सालदार होता. रायसिंग दीड वर्षाचा असताना साप चावून गेला. त्यानं बापाला पाहिलेलंच नाही म्हणण्यासारखं. तू दुसऱ्याच दिवशी जीपगाडीत बसून वर गेलीस आणि त्याच्या आईजवळ, सुमलीबाईजवळ, अर्धा दिवस बसून आलीस. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस दारात उभा राहिला तरी तिला नुसती सावली दिसायची. तू तिच्याकडून एवढंच घेऊन आलीस की मालकाच्या पोरीच्या लग्नात ती चुलीशी राबत होती आणि पोरगं दिवसभर नवऱ्याकडे होतं.

तू भिंग लावून बसलीस, आणि मधेच आतेबहिणीच्या वास्तुशांतीला तीन दिवस धुळ्याला गेलीस.

आता मी काय केलं ते पुन्हा एकदा सांगतो. तुझ्यासमोर सांगताना मी अर्धं गाळलं होतं. मी शनिवारी आलो, स्टुडिओ उघडला, रायसिंगचा पासपोर्ट फोटो सॉफ्टवेअरला दाखवला आणि म्हटलं, हुडक. पहिल्या ओळीत, पहिल्याच जागी, एक माणूस आला. तेच कपाळ, तेच नाक, भुवयांच्या मधे तशीच मोकळी जागा. कुठला फोटो आहे म्हणून बघितलं तर त्याच मालकाच्या पोरीचं लग्न, तीच शेवटची पंगत! अक्का, मी खुर्चीतून उडालो. पंधरा दिवसांचं तुझं काम मी एका सकाळीत केलं होतं. चेहरा कापून मोठा केला, साफ केला, फ्रेममध्ये घातला आणि तू येण्याची वाट न बघता रायसिंगला फोन लावला.

तो आला. फोटो घेण्याआधी त्यानं दोन्ही हात शर्टाला पुसले. घरी गेल्यावर त्यानं मला व्हिडिओ पाठवला. सुमलीबाई काचेवरून हात फिरवतेय, फ्रेम छातीशी धरून रडतेय. मी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. लॅबमधल्या पोरांचे मेसेज आले, सर, कमाल केली. कॉलेजातले लोक फोन करून विचारायला लागले. आयुष्यभर मी लोकांचे प्रिंटर दुरुस्त केले, अक्का. माझ्या कामानं कोणी रडलं, असं पहिल्यांदाच झालं होतं.

रविवारी मी स्टुडिओतच होतो, तेव्हा तू परत आलीस. कॉम्प्युटरवर तो फोटो उघडाच होता. तू पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हतीस.

"बापू, हाऊ कोन?"

"जामसिंग. मिळाला!"

"कोनी सांगं?"

"सॉफ्टवेअरनं."

तू जवळ आलीस, वाकलीस. "आरे, हाऊ तं धुयानां बँडवाला शे. बाजा वाजाडे. माले म्हने बाई, मना फोटू काढ, मी लेवाले येसू. उनाच नही कधी."

मी म्हटलं, फोटो न्यायला कधी आलाच नाही तो माणूस तुला इतक्या वर्षांनी काय आठवतोय. तू मूळ फोटो उघडायला लावलास, चेहऱ्याखाली बोट नेलंस. पत्रावळीच्या मागे लाल पँट, तिच्यावर सोनेरी पट्टी. बँडचा कोट काढून माणूस जेवायला बसला होता, पँट कुठे काढणार? आणि ती पँट मीच कापून टाकली होती, कारण मला फक्त चेहरा हवा होता. "तुनं मशीन तोंड दखस," तू म्हणालीस. "तू तरी माणूस दखाना व्हता."

जमिनीनं दुभंगून मला पोटात घ्यावं असं तेव्हा वाटलं. पण तसं कबूल करेन तर तो बापू कसला! मी म्हटलं, असू दे, त्यांना समाधान आहे ना? म्हातारीनं छातीशी धरला फोटो. तू म्हणालीस, "तिले दिसत नही, बापू." आणि मग म्हणालीस की तिचं नाव डोळ्यांच्या शिबिरात लागलंय, दोन-तीन महिन्यांत ऑपरेशन होईल, पट्टी निघेल तेव्हा समोरच्या भिंतीवर परका पुरुष दिसेल. त्याच्या आत जा आणि सांग. मी म्हटलं, तूच जा. तू म्हणालीस, दिला तू, जायचं तू.

गेलो नाही. दर शनिवारी एक कारण काढलं. परीक्षा आहेत, एसटी उशिरा आहे, घसा धरलाय. आणि शेवटच्या त्या शनिवारी तू पुन्हा विषय काढलास तेव्हा मी ते वाक्य बोललो. "तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही." तू भिंग पुसून डबीत ठेवलंस आणि म्हणालीस, जेवून जा, भरीत केलंय. मी न जेवता निघालो. कळण्याच्या भाकरीचा वास पार गल्लीच्या टोकापर्यंत येत होता.

त्यानंतर चार दिवसांनी तुझा मेसेज आला. "बापू, ये. काम शे." मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. नुसता अंगठा. आणि शुक्रवारी सकाळी स्टुडिओचं शटर वर करताना तू कोसळलीस. शेजारचा झेरॉक्सवाला सांगत होता की शटर अर्धं वर तसंच राहिलं होतं.

दहाव्यानंतर तुझा खण उघडला. वर एक लिफाफा. त्यात निगेटिव्हची पट्टी, मोठा केलेला एक फोटो. लिफाफ्यावर तुझं अक्षर, "जामसिंग. बापू नेऊन देईल." अगं, कोणाला विचारून लिहिलंस? कोणी सांगितलं होतं तुला की मी नेऊन देईन? मी चार वेळा नाही म्हटलं होतं. मला इतका राग आला की लिफाफा खणात टाकून खण आपटून बंद केला, आणि मग पाच मिनिटांनी पुन्हा उघडला.

फोटो बघितला तेव्हा कळलं, सॉफ्टवेअरला हा का सापडला नाही. याचा चेहरा दिसतच नाही जवळजवळ. रांगेत टोकाला बसलेला, मान खाली, मुंडासं पुढे आलेलं, कपाळाचा तुकडा आणि एक गाल तेवढा उजेडात. मांडीवर उघडं पोरगं. बट्टीचा तुकडा वरणात कालवून तो पोराच्या तोंडाशी नेतोय आणि पोरगं आ करून बसलंय. त्याच्या स्वतःच्या पत्रावळीवरचं तसंच पडलंय. तू याला भिंगातून हुडकलंस. गुडघे दुखत असताना, माझ्यावर रुसलेली असताना हुडकलंस आणि माझं नाव टाकून ठेवलंस.

त्याच संध्याकाळी रायसिंगचा फोन आला. त्याला तू गेल्याचं माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. तो खुशीत होता. "सर, आईची पट्टी निघाली. चांगलं दिसतंय. बाबांचा फोटो पाहिला." मी विचारलं, काय म्हणाली? "म्हणाली, हो, असेच होते."

आता बघ, अक्का. मला सुटायला इतकी मोठी वाट मिळाली होती. बायकोनंच ओळखला म्हटल्यावर बोलणारा मी कोण? तू आणि मी, दोघांपलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि तू तर उठून गेलीस. मी दोन दिवस स्वतःला हेच सांगितलं. पण झोप लागेना, अन्न जाईना. लॅबमध्ये पोरांना शिकवताना मधेच थांबायचो. सारखं वाटायचं की मी त्या बाईच्या डोक्यातला तिचा नवरा पुसला आणि तिथं दुसराच माणूस बसवला, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. एकदा लिफाफा घेऊन निघालोसुद्धा. चोपड्याला उतरलो, चहा घेतला आणि उलटी गाडी पकडून जळगावला परत आलो. हे तुला कळलं असतं तर काय म्हणाली असतीस, मला माहीत आहे. काहीच म्हणाली नसतीस. तेच तर!

परवा मात्र गेलो. शिरपूरहून जीपगाडीत बसलो, दोन्ही बाजूंनी पिशव्या आणि माणसं, वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. घर झकास बांधलंय रायसिंगनं. निळा रंग, दारात सिमेंटचा ओटा. तो घरीच होता, त्याची दुपारची पाळी होती. सुमलीबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती आणि मी फाटकात असतानाच तिनं मान वर करून बघितलं. समोर भिंतीवर तो. हार ताजा.

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी भेकडासारखा लिफाफ्यातला फोटो काढून सरळ तिच्या हातात दिला. म्हटलं, बघा बरं. तिनं तो उजेडाकडे धरला. बराच वेळ त्या वाकलेल्या माणसाकडे बघितलं.

"हाऊ कोन शे, भाऊ?"

अक्का, मी हजार गोष्टींची तयारी करून गेलो होतो. रडेल, शिव्या देईल, फोटो फेकेल. नवऱ्याच्या फोटोकडे बघून ती मला विचारेल की हा कोण, याची तयारी नव्हती. मग मी सगळं बोललो, एका दमात, उभ्या उभ्या. हा जामसिंग आहे. भिंतीवरचा जामसिंग नाही, तो धुळ्याचा एक वाजवणारा आहे. मशीननं चेहरा सारखा दाखवला आणि मी विचारलं नाही, पडताळलं नाही. अक्कानं मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी घाबरलो, म्हणून आलो नाही.

रायसिंग माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच तो खाली बघत नव्हता. "सर, मी रोज त्याला हात जोडून ड्युटीवर जातो," तो म्हणाला. "घरभरणीला पहिला नैवेद्य त्याला दाखवला. कोणाला दाखवला मी, सर?" तो ओट्यावरून उतरून फाटकापर्यंत गेला आणि पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, आता हा परत यायचा नाही, आणि मी पण इथून निघून जावं.

तेवढ्यात सुमलीबाई ओरडली. "आरे! हाऊ तं मना रायसिंग!"

तिचं बोट पोरावर होतं. कमरेला काळा करदोडा, त्यात चांदीचं एकच घुंगरू. "यो, यो, दख," ती रायसिंगला बोलवत होती, "घुंगरू दख, एकच शे, दुसरा तूच तोडेल व्हता." तो आला, वाकून बघायला लागला. मग तिचं बोट पोराच्या तोंडावरून त्या घासावर गेलं, घासावरून हातावर, हातावरून वर त्या वाकलेल्या मुंडाशापर्यंत. तिथं थांबलं. नवऱ्याचं नाव तर ती घेणारच नव्हती. तिनं डाव्या हातानं पदर ओढून डोक्यावर घेतला आणि तसाच धरून बसली.

रायसिंगकडे न बघताच ती बोलली. "त्यानं तोंड माले याद नही ऱ्हायनं. कितलाक साल व्हयनात. पट्टी निंघनी, भिंतवर दखं, आनि माले काही समजेनाच. पोऱ्याले कसं सांगू, तुना बापनं तोंड मना ध्यानमा नही म्हनीसन? लाज वाटनी. म्हनी दिधं, असाच व्हतात."

रायसिंग तिच्या शेजारी खाली बसला. त्यानं फोटो तिच्या हातातून घेतला नाही, नुसता त्याच्या कडेला हात लावला. तो बापाकडे बघत नव्हता, त्या आ केलेल्या पोराकडे बघत होता. मग त्यानं उठून भिंतीवरची फ्रेम काढली, हार उतरवला, काच बाहीनं पुसली आणि माझ्यासमोर धरली. मला वाटलं, आता आपटतो. पण सुमलीबाई म्हणाली, "लई जा याले. यानं बी घर व्हई ना." तर आता मला धुळ्याला जाऊन जुने बँडवाले हुडकायचे आहेत, अक्का. चेहऱ्यावरून नाही, विचारत विचारत.

चहा झाला. तिनं इकडं तिकडं बघितलं. "अक्का नही उनी?"

मी सांगितलं. तिनं तुरीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "तिना फोटू दखाड ना. मी कोठे दखेल शे तिले?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू तिच्याजवळ अर्धा दिवस बसलीस, तिचा नवरा शोधून दिलास, आणि तिनं तुला पाहिलंच नव्हतं. मी मोबाईल काढला. तुझा ढीग उघडला, दिवाळीतला फोटो, कॅमेरा गळ्यात, चष्मा कपाळावर. तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला, नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"बाई व माय, एवढीशी?" ती म्हणाली. "आवाजवरथीन माले चांगली जाडजूड वाटनी व्हती."

मी हसलो, अक्का. तू गेल्यापासून पहिल्यांदा. रायसिंगही हसला. आणि हसता हसता माझा बांध फुटला, त्या माणसांसमोर, नव्या ओट्यावर, पोरासारखा रडलो. "चूक झाली माझी," म्हणालो. तुझ्याकडे बघून म्हणालो, तिच्या हातातल्या तुझ्याकडे. सगळी हकीगत सांगून झाली होती, पण हे तीन शब्द मी अजून कोणालाच म्हटले नव्हते. तिलाही नाही, तुलाही नाही.

"व्हस असं," सुमलीबाई म्हणाली. तिनं मोबाईल परत दिला नाही. "आखो फोटू दखाड तिना."